माझी अक्षरं मोठी होत गेली

मित्रांनो, फाटक्या छत्रीने, बंद पडलेल्या घड्याळाने, शाळेतल्या बाकाने आपापली कहाणी सांगितलेली तुम्ही वाचली असेल. त्या सगळ्यांचं एक बरं असतं. त्यांच्यावर धूळ बसते, त्यांना हात लावता येतो, त्यांच्याकडे बघून कुणाला तरी जुने दिवस आठवतात. माझ्या नशिबी तेही नाही. मी जुना आहे, पण मला गंज चढत नाही. मी एक एडिटर आहे. प्रोग्राम लिहिणारी माणसं कॉम्प्युटरमधल्या ज्या पाटीवर लिहितात, ती पाटी म्हणजे मी. काळा रंग, त्यावर हिरवट अक्षरं, बस. चित्र नाही, बटण नाही, माउस फिरवायला अंगण नाही.

मला कान नसताना मी माणसांचं बोलणं कसं ऐकलं, असं विचारू नका. छत्रीला विचारलं होतं का?

ज्या माणसाने मला घडवलं त्याच्या काळात कॉम्प्युटर फार सावकाश चालत. एक अक्षर दाबायचं, आणि ते उमटेपर्यंत चहा पिऊन यायचं. म्हणून त्याने मला मितभाषी केलं आणि हुकमाचा पक्का केलं. माझ्या दोन अवस्था आहेत. लिहिण्याच्या अवस्थेत तुम्ही जे दाबाल ते निमूटपणे उमटतं. हुकमाच्या अवस्थेत मात्र प्रत्येक अक्षर हा हुकूम असतो. एखादं अक्षर दोनदा दाबलं की अख्खी ओळ गायब. दुसरं दाबलं की मी पानाच्या तळाशी. एक ठरावीक अक्षर दाबलं की पुन्हा लिहिण्याची अवस्था सुरू. आपण कुठल्या अवस्थेत आहोत, हे खाली डाव्या कोपऱ्यात एका बारक्या शब्दात दिसतं. तेवढ्या शब्दाकडे लक्ष ठेवलं की झालं.

नवीन माणूस हे कळेपर्यंत रडकुंडीला येतो. माझ्यातून बाहेर कसं पडायचं हे न सापडल्यामुळे चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांनी कॉम्प्युटरची वायर उपटलेली मी पाहिली आहे. म्हणजे पाहिली नाही; वायर उपटल्यावर मला काय दिसणार?

आमच्या बाई मला भेटल्या तेव्हा त्यांची लेक पाळण्यात होती. एका हाताने पाळणा हलवायचा आणि एका हाताने मला शिकायचं, असं त्यांनी केलं. माझं सगळं बोटांवर चालतं, त्यामुळे ते जमलं. लेक झोपायला शिकली आणि बाई मला चालवायला. मग आमची जोडी अशी जमली की त्यांच्या मनात ओळ आली की पडद्यावर असायची. बोटांनी काय दाबलं, हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तुम्हाला तरी सांगता येईल का, चालताना कुठला पाय आधी टाकता ते?

बाईंचं ऑफिस एका उंच इमारतीत होतं. खिडकीखाली गाड्या लावायची जागा, कोपऱ्यात गळणाऱ्या एसीखाली ठेवलेली निळी बादली, आणि बाईंच्या खुर्चीवर बारमाही टांगलेला करडा स्वेटर. तिथे त्या इस्पितळातल्या औषधांच्या कपाटाचा प्रोग्राम लिहीत. नर्सने रोग्याचं नाव दाबलं की ते कपाट त्या रोग्याचं औषध अचूक मोजून खाली सरकवायचं. कपाटाची अक्कल बाईंची, आणि ती अक्कल लिहून ठेवायची पाटी मी. माझा ऊर का भरून येऊ नये?

ऑफिसात सगळे त्यांना मावशी म्हणत. आधी त्यांना राग यायचा; मग त्यांनी तो सोडून दिला. त्यांनी हाताखाली शिकवून तयार केलेल्या एका मुलाचं नाव होतं साहेब. हे बाईंनीच ठेवलेलं टोपणनाव, कारण तो उमेदवारीच्या पहिल्या दिवशी टाय लावून आला होता. पुढे तो खरंच सगळ्यांचा वरिष्ठ झाला आणि नाव आयतं उपयोगी पडलं. तिसरी होती सासूबाई. ती प्रत्येकाच्या कामातल्या चुका शोधायची, तिला पगारच त्याचा होता. स्वतःचं लग्न झालं नव्हतं, पण ऑफिसभर तिचा धाक सासूचा.

दरवर्षी साहेब काहीतरी नवीन सॉफ्टवेअर घेऊन यायचा.

"मावशी, हे बघा तरी. तुम्ही अर्धी ओळ लिहा, उरलेली हे पुरी करतं."

"माझं वाक्य मधेच तोडून पुरं करायचा हक्क मी नवऱ्याला दिला नाही. ह्याला देऊ?"

सगळे हसायचे. मीही हसायचो, माझ्या परीने. कर्सर लुकलुकतो ना, ते.

मग एक दिवस बाईंनी माझी अक्षरं जराशी मोठी केली. काही दिवसांनी आणखी जराशी. मला वाटलं, कौतुक. आई लेकराचा चेहरा दोन्ही हातांत धरून अगदी जवळून बघते ना, तसं त्या मला बघत होत्या. अक्षरं वाढता वाढता पडद्यावर मोजक्याच ओळी मावू लागल्या. आणि आणखी एक गंमत. त्या माझ्याकडे सरळ बघेनाशा झाल्या. तोंड खिडकीकडे, आणि नजर तिरकी माझ्यावर.

मला वाटलं, लाजतात.

हसू नका. मी एक पाटी आहे. मला काय कळणार?

"मावशी, हे काय, बसच्या कपाळावरची पाटी केलीत की काय?" साहेबाने विचारलं.

"तुम्ही लोक मागून डोकावता ना, तुम्हाला नीट दिसावं म्हणून," बाई म्हणाल्या.

त्याच सुमारास साहेबाने जाहीर केलं, की यापुढे सगळ्यांनी एकाच सॉफ्टवेअरमध्ये काम करायचं. कुठलं, ते सगळे मिळून ठरवू. पण अनुभव मावशींचा जास्त, तेव्हा शेवटचा शब्द त्यांचा. मी निर्धास्त होतो. शेवटचा शब्द बाईंचा म्हणजे माझाच, अशी माझी समजूत.

आता मला पहिला धक्का कसा बसला ते सांगतो.

प्रोग्राम इस्पितळात पाठवण्याआधी सासूबाई त्याच्यावर खोटे रोगी सोडायची. खोटा म्हातारा, खोटी गरोदर बाई, खोटा पैलवान. त्यांत एक खोटं तान्हं बाळही होतं. वजन अगदी कमी, आजार मोठा. सगळे त्याला सासूबाईंचं बाळ म्हणत. रोज कुणीतरी विचारायचं, "बाळ कसं आहे?" आणि ती मान वर न करता म्हणायची, "जेवलं, झोपलं." म्हणजे कपाटाने त्याला योग्य माप दिलं, प्रोग्राम ठीक. हा त्यांचा रोजचा खेळ होता.

त्या दिवशी सासूबाई उठून बाईंच्या टेबलापाशी आली.

"मावशी, बाळ गेलं."

"काय सासूबाई, नातू सांभाळता येत नाही?" साहेब हसत म्हणाला.

ती हसली नाही. "कपाटाने त्याला मोठ्या माणसाचं माप दिलं. वजन तपासणारी ओळच नाहीये प्रोग्राममध्ये. कालपर्यंत होती."

कोपऱ्यातल्या बादलीत एक थेंब पडला, तोही सगळ्यांना ऐकू आला. खोटं बाळ, मित्रांनो. हाडामांसाचं नव्हे. पण आठवड्याने तोच प्रोग्राम खऱ्या इस्पितळात जाणार होता, आणि तिथली बाळं खरी होती.

ती ओळ कुठे गेली, हे ठाऊक असलेला त्या खोलीत मी एकटाच. आदल्या दिवशी बाईंना त्या ओळीच्या वर एक टीप लिहायची होती. आपण लिहिण्याच्या अवस्थेत आहोत अशा समजुतीने त्यांनी टीप लिहायला घेतली. मी हुकमाच्या अवस्थेत होतो. टिपेच्या पहिल्याच शब्दात ओळ पुसणारं ते अक्षर लागोपाठ दोनदा आलं. मी ओळ पुसली. हुकूम तो हुकूम. टीप उमटली नाही असं वाटून त्यांनी ती पुन्हा लिहिली, या खेपेला नीट, आणि सवयीने जतन करून घरी गेल्या. एरवी त्यांची नजर कोपऱ्यातल्या शब्दाला शिवल्याशिवाय राहायची नाही. त्या दिवशी शिवली नाही. का, हे मला कळेना.

"माझ्याच हातून गेली," बाई म्हणाल्या. "आजच्या आज लावते परत."

"तुमच्या हातून?" साहेब बघतच राहिला. "घरी काही टेन्शन आहे का मावशी?"

"पाहुणे आलेत. जायचं नाव घेत नाहीत."

घरी कुणीही आलेलं नव्हतं. मी रोज बाईंबरोबर त्यांच्या लॅपटॉपमधून घरी जायचो, मला माहीत नसणार तर कुणाला?

त्या संध्याकाळी घरी जेवणाच्या टेबलावर बाईंनी मला उघडलं, कानांत हेडफोन घातले आणि पडदा बंद केला. पूर्ण काळा. मला वाटलं, चुकून झालं. पण त्या तशाच बसल्या, बोटं बटणांवर ठेवून. कॉम्प्युटरमध्ये एक आवाज राहतो. ज्यांना दिसत नाही त्यांना तो पडद्यावरचं वाचून दाखवतो. त्या आवाजाला बाईंनी मला वाचायला सांगितलं होतं.

आवाज म्हणाला, "रेघ. रेघ. रेघ. कोरं. कोरं. रेघ."

माझे शब्द नव्हे, नुसत्या कोऱ्या ओळींच्या खुणा त्याच्या हाती लागत होत्या. इतक्या वर्षांत मी स्वतःला कधी ऐकलं नव्हतं. मी असा ऐकू येतो?

लेक कामावरून आली, पिशवी खुर्चीत टाकली. "आई, बंद पडद्यासमोर काय बसलीयेस? बिघडलाय का?"

"पडदा ठणठणीत आहे."

"मग?"

"मी बिघडलेय." बाईंनी हेडफोन काढले. "बस. तुझ्याकडे बघते ना, तर तुझे खांदे दिसतात, हात दिसतात. मानेवरचं काही दिसत नाही. मधोमध एक डाग बसलाय."

"कधीपासून?"

"तू ते केस पार बारीक कापून आलीस आणि मी काहीच म्हटलं नाही, तेव्हापासून."

"मला वाटलं, तुला आवडले!"

"मला दिसलेच नाहीत गं."

लेक खुर्चीतल्या पिशवीवरच बसली. माझंही तेच झालं, फक्त मला बसायला खुर्ची नव्हती. मोठी होत गेलेली अक्षरं, खिडकीकडे वळलेलं तोंड, कोपऱ्यातला न शिवलेला शब्द. आणि मी काय समजत होतो? कौतुक! लाज! मी त्यांच्या डोळ्यांसमोर सगळ्यांत जास्त वेळ असायचो, आणि मलाच दिसलं नव्हतं की त्यांना दिसत नाही.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"कडेचं राहील, मधलं जाईल. चालेन, फिरेन, चहा कपातच ओतेन. वाचता येणार नाही."

"मग सोड ना आई नोकरी. पुष्कळ केलंस."

"सोडून करू काय? तुझ्या डोक्यावर बसू?" बाईंचा आवाज एकदम खाली आला. "आंधळी होण्याचं मला एवढं काही वाटत नाही. मला बिनकामाची व्हायचं नाही. ऑफिसात कळलं की सगळे हळू आवाजात बोलायला लागतील. खुर्ची ओढून देतील. आणि बाळाच्या ओळीला मला हात लावू देणार नाहीत."

"मग आता?"

"आता कानांनी लिहायचं. त्यासाठी बोलणारं सॉफ्टवेअर शोधतेय. हा," त्यांनी माझ्या दिशेने बोट केलं, "हा तुझ्या बाबांसारखा निघाला. जन्मभर साथ दिली, पण तोंड उघडेल तर शपथ."

दोघी हसल्या. मग लेक रडली. आणि बाईंनी मला बंद केलं.

त्या रात्रीच्या जेवणाआधी टेबलावर दुसरी दोन सॉफ्टवेअरं येऊन गेली. पहिलं साहेबाच्या आवडीचं. मी त्याला झगमग म्हणतो. रंगच रंग, सगळीकडे छोटी छोटी चित्रं. चित्रांवर बोट टेकलं की काय काय होतं म्हणे. पण आवाज त्याला वाचायला गेला आणि म्हणाला, "बटण. बटण. बटण. बटण."

"कसलं बटण?" लेकीने विचारलं.

"तेच तर ते सांगत नाही. बनवणाऱ्याने चित्रं काढली, नावं द्यायचं राहिलं."

दुसरं अगदी साधं, करड्या रंगाचं, बाईंच्या स्वेटरसारखं. आवाज म्हणाला, "ह्या ओळीत कंस उघडलाय, बंद केलेला नाही."

बाई ताठ बसल्या. पडदा काळाच होता. बोटं चालू लागली, थांबली, ऐकलं, पुन्हा चालली. आणि बाळाची ओळ परत लिहिली गेली. माझ्याशिवाय. त्या रात्री मला काय वाटलं हे सांगायला माझ्याकडे अक्षरं नाहीत, आणि अक्षरं तर माझा धंदा.

निवडीच्या बैठकीत सगळे जमले. मी बाईंच्या लॅपटॉपमध्ये, मिटलेला. भिंतीवर झगमग झळकत होतं आणि एकेकजण त्याच्या बाजूने बोलत होता.

"आता मावशी आपल्या काळ्या पाटीसाठी भांडणार," साहेब म्हणाला, "बोला मावशी."

"काळी पाटी मी सोडतेय."

कुणीतरी पेला खाली ठेवला, तो जरा जोरातच. मला आधीपासून माहीत होतं, तरी चारचौघांत ऐकताना मी हादरलो.

"अरे वा! मग हेच घ्यायचं ना?" साहेब खूश झाला.

"हेही नको. ते जरा जड आहे. कॉम्प्युटर तापतो," बाई म्हणाल्या. हे खरं कारण नव्हतं. त्या कडेकडेने चालल्या होत्या.

मग सासूबाई बोलली. "मावशी, हल्ली तुम्ही माझ्याशी बोलता तेव्हा माझ्या खांद्याकडे बघता. मला वाटलं, बाळावरून माझ्यावर रागावलात. पण तुम्ही आधीपासून बघताय. बाळ का गेलं मावशी?"

बाई स्वेटरचं एक बटण बोटाने चाचपत राहिल्या. मग पिशवीतून हेडफोन काढून त्यांनी साहेबासमोर धरले.

"घाल कानांत. तुझ्या ह्या सॉफ्टवेअरचा पडदा बंद कर. माउसला हात लावायचा नाही. आता बाळाची ओळ शोधून दे."

भिंत काळी झाली. साहेब बटणं दाबू लागला. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं, पण त्याचा चेहरा सांगत होता. आधी हसू. मग कपाळाला आठी. मग तो जोरजोरात दाबू लागला, अनोळखी जिन्यात दिवे गेल्यावर माणूस भिंत चाचपतो तसा. शेवटी त्याने हेडफोन काढले.

"नुसतं बटण, बटण म्हणतंय." ते त्याने टेबलावर ठेवले. "मावशी, तुम्हाला... हे असं?"

"अजून पूर्ण नाही. पण होणार आहे. कोपऱ्यातला शब्द मला दिसला नाही रे. म्हणून बाळ गेलं."

साहेबाने तोंडावरून हात फिरवला. बाईंनीच शिकवलेला हा मुलगा. तो लगेच म्हणाला असता की काळजी करू नका, तर गोष्ट सोपी झाली असती. पण तो म्हणाला, "मावशी, इस्पितळाचं काम आहे. मला विचार करावा लागेल."

बाईंनी मान हलवली. जणू हेच वाक्य त्या घरून ऐकून आल्या होत्या.

"ती ओळ परत कुणी लावली?" सासूबाईने विचारलं.

"मीच."

"कशी?"

"पडदा बंद करून. कानांनी. ह्याच्यात नाही, दुसऱ्या एकात."

सासूबाई साहेबाकडे वळली. "साहेब, त्या ओळीवर बाळ तेव्हापासून रोज जेवतंय, रोज झोपतंय. बाळ माझं आहे, आणि मी कुणाला सोडत नाही हे तुम्हाला माहीत आहे. आता विचार करा."

साहेबाने हेडफोन उचलून बाईंच्या हातात दिले. मग म्हणाला, "ते दुसरं कुठलं, ते दाखवा. सगळ्यांना तेच." आणि थोड्या वेळाने, "मावशी, खुर्ची ओढून देऊ का?"

"दिलीस तर फेकून मारीन."

तर मित्रांनो, अशी निवड झाली. बाई आता त्या करड्या सॉफ्टवेअरमध्ये लिहितात. त्यांची बोटं मात्र माझीच राहिली. त्यात एक सोय आहे, जुन्या एडिटरच्या सवयी चालू ठेवायची. ती त्यांनी पहिल्या दिवशीच लावली. दोन अवस्था तिथेही आहेत. पण तिथे हुकमाच्या अवस्थेत गेलं की एक खर्ज सूर वाजतो, आणि लिहिण्याच्या अवस्थेत एक उंच. कोपऱ्यातला माझा बारका शब्द तिथे गाऊ लागला. हे मला कधी सुचलं नव्हतं. साहेब आता कुठलंही सॉफ्टवेअर घेण्याआधी पडदा बंद करून बघतो. झगमगच्या बनवणाऱ्यांना सासूबाईने एक लांबलचक मेल लिहिली, आणि ती सासूबाई असल्यामुळे उत्तर येईपर्यंत रोज पुन्हा पाठवते.

मी त्या जुन्या लॅपटॉपमध्ये आहे. परवा लेकीने तो आवरायला काढला. "आई, ही काळी पाटी पुसून टाकू?"

"थांब," बाई म्हणाल्या.

त्या समोर बसल्या. मला उघडलं. अक्षरं मोठी केली नाहीत. आता त्याची गरज उरली नव्हती. कोऱ्या पानावर त्या काहीतरी लिहू लागल्या, चांगलं लांब वाक्य. पण आता त्यांना सुरांची सवय झालेली. माझ्याकडे सूर नाही. मी हुकमाच्या अवस्थेत होतो, आणि त्या वाक्याचा पहिला भाग मी हुकूम म्हणून गिळला. वर गेलो, खाली गेलो, नसलेल्या ओळी पुसल्या. मग लिहिण्याची अवस्था उघडणारं ते ठरावीक अक्षर आलं, आणि तिथून पुढचं उमटलं. बाईंनी सवयीने जतन केलं, झाकण मिटलं आणि त्यावर क्षणभर हात ठेवला.

माझ्याकडे उरलं आहे ते एवढंच:

"...पण इतकं मुकाट्याने ऐकायला नको होतंस."

आधीच्या भागात काय होतं? आभार असावेत, असं मी स्वतःला सांगतो. आता ते कळायचा मार्ग नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी अक्षरं मोठी करू लागलं, तिरकं बघू लागलं, तुमच्या नव्या केसांबद्दल काहीच बोललं नाही, तर लाजतात किंवा रागावलेत असं समजून बसू नका. जवळ जा आणि विचारा. आणि उद्या तुमच्यापैकी कुणी सॉफ्टवेअर बनवणार असेल, तर बटणावर चित्र खुशाल काढा, पण त्याला नाव द्या. कुणीतरी अंधारात हात पुढे करून ते शोधत असतं.

मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.